पत, दलाल आणि घराचे गहाण

मराठीत 'पत' हा शब्द अब्रू आणि कर्ज मिळण्याची योग्यता अशा दोन्ही अर्थांनी वापरला जातो. पेठेतील सावकाराच्या लेखी ही पत डोळ्यांपुढे वावरणाऱ्या माणसाची असे. घराणे, धंदा आणि शेजाऱ्यांचा शब्द यांवरून ती ठरे. शहरे वाढली, धनको आणि ऋणको परस्परांस अपरिचित झाले, तेव्हा पतीची नोंद ठेवणाऱ्या संस्थांची गरज भासू लागली. भारतातील अशी पहिली संस्था, सिबिल, २००० साली स्थापन झाली आणि २००५ च्या अधिनियमाने या व्यवसायास कायद्याची चौकट मिळाली. आता अशा चार कंपन्या आहेत. कर्जदाराचा सारा पूर्वेतिहास त्या ३०० ते ९०० यांमधील एका अंकात सांगतात. अंक सोयीचा खरा, परंतु हप्ता का चुकला हे तो सांगत नाही.

सांगली जिल्ह्याच्या खानापूर-आटपाडी भागातून सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी अनेक कुटुंबे देशभर पांगली. त्यांपैकी बंगळुरूत स्थिरावलेले एखादे कुटुंब कल्पावे. २०२० च्या टाळेबंदीत दुकान बंद राहिले, क्रेडिट कार्डाची बाकी थकली, आणि पुढे बँकेने काही रक्कम सोडून देऊन तडजोड केली. प्रकरण मिटले अशी घरच्यांची समजूत झाली. पतअहवालात मात्र 'सेटल्ड' असा शेरा उमटला. पूर्ण फेड करून बंद झालेले खाते आणि तडजोडीने मिटविलेले खाते यांत बँका मोठा भेद मानतात, आणि अशी माहिती किमान सात वर्षे जपली जाते. काही वर्षांनी घरासाठी केलेला अर्ज नाकारला जातो, आणि मग कोणीतरी दलालाचे नाव सुचवितो.

हा दलाल कोणाचा माणूस, हा येथे मूळ प्रश्न आहे. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमानुसार जो दुसऱ्याच्या वतीने काम करतो तो अभिकर्ता, आणि त्याचे कर्तव्य आपल्या मालकाशी असते. गृहकर्जाचा दलाल हा बहुधा बँकेने किंवा गृहवित्त कंपनीने नेमलेला विक्री-अभिकर्ता असतो. मंजूर कर्जाच्या प्रमाणात त्याला दलाली मिळते, आणि ती धनको देतो. म्हणजे समोर बसलेला गृहस्थ कितीही आपुलकीने बोलला तरी तो कर्जदाराचा वकील नव्हे. ब्रिटनमध्ये २००४ पासून गहाणकर्जाच्या मध्यस्थांना वित्तीय नियामकाची अनुमती घ्यावी लागते. भारतात कर्जदाराच्या बाजूने सल्ला देणाऱ्या गृहकर्ज-दलालांसाठी तसा स्वतंत्र परवाना नाही.

तरीही दलाल निरुपयोगी ठरत नाही. रोखीच्या धंद्याचे उत्पन्न कागदावर कसे मांडावे, कोणती संस्था जुन्या तडजोडीकडे थोड्या उदारपणे पाहते, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. बंगळुरूत आणखी एक अडचण आहे. महापालिकेच्या कर-नोंदवहीतील 'ए-खाता' आणि 'बी-खाता' असा मिळकतींचा भेद येथे रूढ झाला. खाता म्हणजे मालकीहक्क नव्हे, ती कराची नोंद आहे. परंतु बी-खात्याच्या मिळकतीवर कर्ज देण्यास अनेक बँका नाखूष असतात. अर्जदाराची पत कमकुवत आणि मिळकतीची कागदपत्रेही कमकुवत, असा दुहेरी पेच पडला की जाणत्या दलालामुळे हेलपाटे वाचतात.

जो दलाल 'अंक वाढवून देतो' किंवा 'शेरा पुसून देतो' असे सांगून आगाऊ पैसे मागतो, त्याच्यापासून दूर राहावे. खरी नोंद कोणालाच पुसता येत नाही. चुकीची नोंद दुरुस्त करून घेण्यास काही खर्च येत नाही. प्रत्येक पतकंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. तक्रारीचे निवारण ३० दिवसांत न झाल्यास दरदिवशी १०० रुपये भरपाई देण्याचा नियम रिझर्व्ह बँकेने २०२३ साली केला. आपला अहवाल आपण पाहिल्याने अंक घटत नाही. मात्र दलालाने एकच अर्ज एकाच वेळी पाचसहा ठिकाणी धाडला, तर प्रत्येक धनकोच्या चौकशीची नोंद होते आणि आधीच खालावलेली पत आणखी घसरू शकते. म्हणून अर्ज कोठे जाणार हे आधी विचारून घ्यावे.

कमकुवत पतीची किंमत व्याजात मोजावी लागते. ४० लाख रुपयांचे कर्ज २० वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे ३४,७१३ रुपये पडतो. साडेअकरा टक्क्यांनी तो ४२,६५७ होतो. हा फरक मुदतभरात १९ लाखांवर जातो. वर्ष-दीड वर्ष थांबून, सोडून दिलेली बाकी भरून शेरा बदलून घेणे आणि चालू हप्ते वेळेवर भरणे, हा सल्ला पुष्कळदा अधिक हिताचा असतो. मंजुरीवर ज्याची दलाली अवलंबून आहे, त्याच्याकडून तो सहसा ऐकू येत नाही. ज्यांना थांबणे शक्य नाही त्यांनी बदलत्या व्याजदराचे कर्ज घ्यावे; व्यक्तींना दिलेल्या अशा गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँकांना आकारता येत नाही, त्यामुळे पत सुधारल्यावर कर्ज दुसरीकडे नेता येते. १ ऑक्टोबर २०२४ पासून धनकोने सर्व आकार धरून वार्षिक खर्चाचा दर दाखविणारे पत्रक देणे बंधनकारक आहे. दलालाने तोंडी सांगितलेला दर या पत्रकाशी ताडून पाहावा.

राहिला प्रश्न मूळ दस्तऐवजांचा. खरेदीखत व इतर हक्कलेख धनकोच्या स्वाधीन करून गहाण निर्माण करण्याची पद्धत १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात आहे, आणि बंगळुरूत तीच प्रचलित आहे. हे कागद दलालाच्या पिशवीतून जाऊ देऊ नयेत. शाखेत स्वतः द्यावेत आणि प्रत्येक कागदाच्या उल्लेखासह पोच घ्यावी. संपूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत ते परत न मिळाल्यास, आणि विलंब धनकोमुळे झाला असल्यास, दरदिवशी ५,००० रुपये भरपाई मागता येते. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे.