काटकोन आणि लपणारे जहाज
(सामान्य विज्ञान व भूमिती यांचा एकत्रित पाठ)

चिंचणी, तारापूर, नवापूर, सातपाटी या किनाऱ्यावरील शाळांतील मुलांना समुद्र नवा नसतो. भरती-ओहोटीची वेळ ती घड्याळावाचून सांगतात आणि दुरून येणारी होडी कोणाची हेही ओळखतात. अशा मुलांना विज्ञान शिकविताना शिक्षकाने फार दूरचे दृष्टांत शोधण्याचे कारण नाही.

१८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणम येथे भारतीय नौदलात दाखल झालेल्या एका युद्धनौकेस ‘अर्नाळा’ हे नाव देण्यात आले. ज्या किल्ल्यावरून हे नाव घेतले, तो वैतरणेच्या मुखाशी, याच पालघर जिल्ह्यात आहे. चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी तो १७३७ साली बांधला. ७७ मीटर लांबीची ही नौका किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातील पाणबुड्या हुडकून काढण्यासाठी आहे. हेच काम खोल समुद्रात करणाऱ्या चार मोठ्या नौका त्यापूर्वीच कोलकात्याच्या गार्डन रीच कारखान्यात तयार झाल्या होत्या. या जातीच्या नौकेस ‘कॉर्व्हेट’ म्हणतात. ‘कामोर्ता’ (२०१४), ‘कदमत’ (२०१६), ‘किल्तान’ (२०१७) आणि ‘कवरत्ती’ (२०२०) ही त्यांची नावे होत. पहिले नाव निकोबारमधील बेटाचे, उरलेली तीन लक्षद्वीपमधील बेटांची. ही चारही बेटे विद्यार्थ्यांकडून नकाशात शोधून घ्यावीत.

कामोर्ता सुमारे १०९ मीटर लांब आहे; म्हणजे दहा एस.टी. गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढी लांबी होईल तेवढी. तिचे वजन तीन हजार टनांहून अधिक असून ती ताशी सुमारे ४६ किलोमीटर वेगाने जाऊ शकते. तिच्यावर ७६ मिलिमीटरची तोफ, पाणतीर, पाणबुडीवर मारा करणारे अग्निबाण आणि हेलिकॉप्टर उतरण्याची जागा आहे. परंतु तिचे खरे वैशिष्ट्य शस्त्रांत नसून तिच्या आकारात आहे. एवढी मोठी नौका शत्रूस सहजी सापडू नये, अशा रीतीने तिची घडण केलेली आहे. अशा नौकांस ‘स्टेल्थ’ नौका म्हणतात.

हे लपणे समजण्यासाठी प्रथम रडार कसे ‘पाहते’ ते सांगावे. विहिरीत हाक मारली की प्रतिध्वनी परत येतो. रडार अशीच हाक मारते. मात्र ती ध्वनीची नसून रेडिओ लहरींची असते. या लहरी सेकंदास तीन लक्ष किलोमीटर वेगाने जातात. पंधरा किलोमीटरवरील जहाजावर आपटून त्या परत येण्यास सेकंदाचा केवळ दहाहजारावा भाग लागतो. परत आलेल्या लहरींच्या जोरावर पडद्यावर ठिपका उमटतो. लहर परतलीच नाही, तर ठिपका कोठून उमटणार?

लोखंडाची उभी भिंत समोरून आलेली लहर सरळ माघारी पाठविते. भिंत आणि जमीन जेथे काटकोनात मिळतात, तो कोपरा तर आणखी घातक. तेथे शिरलेली लहर दोनदा आपटून आली त्याच दिशेने परत जाते. म्हणून कामोर्तासारख्या नौकेच्या बाजू उभ्या नसतात, तिरप्या असतात. आणि काटकोनी कोपरे शक्य तेवढे टाळलेले असतात. आलेली लहर आकाशाकडे किंवा पाण्याकडे निघून जाते. नौका अदृश्य होते असे मात्र नव्हे. ती उशिरा आणि अस्पष्ट दिसते, आणि युद्धात तेवढा अवधी पुरेसा असतो.

पाण्याखालील पाणबुडी कानांनी शोध घेते. पाण्यात ध्वनी सेकंदास सुमारे १,५०० मीटर, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो. यास्तव नौकेची अवजड यंत्रे त्यांची थरथर तळापर्यंत पोहोचू नये अशा बैठकीवर बसविलेली असतात. धुराची उष्णताही बाहेर पडण्यापूर्वी कमी केली जाते.

वर्गातील प्रयोग. साहित्य : दोन आरसे व एक चेंडू. प्रथम एक आरसा उभा धरावा. विद्यार्थ्यास आपला चेहरा दिसेल. आरसा तिरपा करताच चेहरा नाहीसा होतो. ही झाली युद्धनौकेची बाजू. आता दोन आरसे काटकोनात जोडून उभे करावेत. विद्यार्थी थोडा डावीकडे वा उजवीकडे सरला तरी त्याचा चेहरा त्यास सांध्यापाशी दिसतच राहतो. नंतर खोलीच्या कोपऱ्यात जमिनीवरून तिरपा चेंडू सोडावा. दोन्ही भिंतींना लागून तो सोडणाऱ्याकडेच वळतो.

येथे पाठाचा खरा उपयोग सुरू होतो. युद्धनौकेस लपावयाचे असते. मासेमारी होडीस दिसावयाचे असते. लाकडाची वा फायबरची होडी रडारच्या लहरी फारच क्षीणपणे परतविते. पावसाळी अंधारात मोठ्या मालवाहू जहाजाच्या पडद्यावर ती उमटेलच असे नाही. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाली. यापुढे या किनाऱ्यालगत अजस्र जहाजांची ये-जा वाढण्याचा संभव आहे. यावर उपाय स्वस्त आहे. धातूचे तीन पत्रे परस्परांशी काटकोनात जोडून केलेला परावर्तक डोलकाठीवर उंच बांधला, की लहर कोठूनही आली तरी बहुतांशी तिकडेच परत फिरते आणि लहानशी होडीही पडद्यावर ठळक दिसते.

जो काटकोन युद्धनौका टाळते, तोच होडीने डोलकाठीवर बाळगावा, हे या पाठाचे सार होय. पाठ संपताना शिक्षकांनी विद्यार्थ्यांना एकच गृहपाठ द्यावा : घरच्या किंवा शेजारच्या होडीवर असा परावर्तक आहे काय, हे तांडेलास विचारून यावे. नसल्यास आरशांचा प्रयोग त्याच विद्यार्थ्याने घरी करून दाखवावा. समुद्रावर जाणाऱ्या वडिलांना भूमितीचा धडा मुलाकडून मिळावा, याहून त्या धड्याचे अधिक सार्थक ते कोणते?