आपण मूळचे कुठले?



प्रथम परमप्रसादाच्या वर्गासाठी मुलांची नावे नोंदवताना आपल्या कार्यालयातून जो अर्ज दिला जात असे, त्यात एक रकाना होता : 'मूळ गाव'. काही वर्षांपूर्वी एक माउली मुलीचा अर्ज भरून घेऊन आली. रकान्यात जालना जिल्ह्यातील एका खेड्याचे नाव होते. आम्ही घाईत होतो. "तुमच्या पॅरिशच्या फादरांचे पत्र घेऊन या," असे सांगून आम्ही अर्ज परत दिला. ती काहीच बोलली नाही. पुढचे चार-पाच रविवार ती मराठी मिस्साला दिसली नाही. चौकशी केल्यावर कळले, की ती चौदा वर्षे आपल्याच हद्दीतील चाळीत राहत होती आणि मुलीचा स्नानसंस्कारही आपल्याच चर्चमध्ये झाला होता. नोंदवही उघडून पाहणे दोन मिनिटांचे काम होते. आम्ही तिच्या घरी जाऊन क्षमा मागितली. तिने चहा केला आणि एवढेच म्हणाली, "फादर, आमचं पॅरिश हेच, असं आम्ही समजत होतो."

त्याच महिन्यात धर्मग्राम मंडळाच्या सभेत गावठाणातील एक ज्येष्ठ गृहस्थ तळमळून बोलले. त्यांचे म्हणणे असे, की या चर्चच्या भिंतींचे दगड आमच्या पणजोबांनी खांद्यावरून वाहिले, शेतीवाडी गेली, विहिरी बुजल्या, आजूबाजूला टॉवर उभे राहिले आणि आता आमच्याच चर्चमध्ये आम्हांला कोणी ओळखत नाही. सभेत काही जण गालातल्या गालात हसले. आम्हांला मात्र हसू आले नाही. ते गृहस्थ आणि ती माउली एकमेकांना ओळखतही नव्हते. पण दोघांची जखम एकच होती. आपण इथले आहोत हे कोणीतरी मान्य करावे, एवढेच दोघांना हवे होते.

म्हणून या रविवारी आपण पवित्र शास्त्रात एकच प्रश्न घेऊन जाऊ : देवाच्या लोकांमध्ये 'मूळचा' कोण?

प्रथम 'पॅरिश' हा शब्दच पाहू. आपण तो रोज वापरतो. तो इंग्रजीतून आपल्याकडे आला असला, तरी त्याचे मूळ ग्रीक 'पारोइकिया' या शब्दात आहे. पारोइकिया म्हणजे परक्या ठिकाणचा मुक्काम. ज्याला त्या गावचा पूर्ण हक्क नाही, पण जो तिथे बिऱ्हाड करून राहतो, तो 'पारोइकोस'. पेत्राच्या पहिल्या पत्रात हे दोन्ही शब्द आलेले आहेत (१ पेत्र १:१७; २:११). पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया व बिथुनिया या प्रांतांत विखुरलेल्या ख्रिस्ती लोकांना पेत्र प्रवासी आणि परदेशवासी म्हणून संबोधतो. पुढे हाच शब्द स्थानिक ख्रिस्ती मंडळीला चिकटला. तेव्हा 'आम्ही या पॅरिशचे मूळ रहिवासी' असे कोणी म्हणू लागला, तर ग्रीक जाणणारा माणूस चक्रावून जाईल. त्याच्या कानाला ते 'आम्ही इथले मूळचे मुक्कामी पाहुणे' असे ऐकू येईल.

पण याच पत्रात, याच लोकांविषयी, पेत्र फार मोठी विधाने करतो. हे परदेशवासी निवडलेला वंश आहेत, राजकीय याजकगण आहेत, देवाच्या मालकीची प्रजा आहेत (२:९). आणि लगेच पुढच्या वचनात तो त्यांना आठवण देतो, की एके काळी तुम्ही प्रजाच नव्हता. ही आठवण तो होशेय संदेष्ट्याकडून घेतो. होशेयच्या मुलाचे नाव देवाने 'लो-अम्मी' ठेवायला सांगितले होते. त्याचा अर्थ 'माझे लोक नव्हेत' (होशेय १:९). आणि ज्यांना असे म्हटले गेले, त्यांनाच पुढे जिवंत देवाची मुले म्हटले जाईल असे वचनही तिथेच आहे. म्हणजे देवाची प्रजा असणे ही वडिलोपार्जित जमीन नव्हे, की सातबाऱ्यावर नाव चढले म्हणजे झाले. जे कोणाचेच नव्हते त्यांना देवाने आपले म्हटले, हाच तिचा सातबारा.

आपल्याकडे आगेराच्या दिवशी भाताच्या नव्या लोंब्या वेदीपाशी आणून आशीर्वादित करतात. ऑक्टोबरमधला हा सण गावठाणातील कुटुंबांच्या किती जिव्हाळ्याचा आहे हे सांगायला नको. आता आपल्या हद्दीत एकही शेत उरलेले नाही, लोंब्या बाहेरून आणाव्या लागतात, तरी सण चुकलेला नाही. पहिल्या पिकाची टोपली वेदीपुढे आणण्याचा विधी अनुवादाच्या २६व्या अध्यायात दिलेला आहे. टोपली ठेवताना त्या शेतकऱ्याने काय म्हणायचे? ही जमीन आमच्या बापजाद्यांची, असे नाही. त्याने म्हणायचे, की माझा पूर्वज एक भटका अरामी होता, तो मिसर देशात थोड्या माणसांनिशी परका म्हणून राहिला (२६:५). स्वतःच्या शेतातले धान्य हातात धरून त्याने आपण उपरे होतो हे कबूल करायचे. आणि त्या दिवशीच्या आनंदात त्याच्या गावात राहणाऱ्या परक्यालाही सामील करून घ्यायचे (२६:११). हा अध्याय आगेराच्या दिवशी आपल्याकडे वाचला जावा असे आम्हांला फार दिवसांपासून वाटते.

आपल्या साष्टी बेटाचा इतिहासही थोडा आठवून पाहू. १५३४ साली वसई व साष्टीचा प्रदेश पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला आणि फ्रान्सिस्कन, येशूसंघीय अशा मिशनऱ्यांनी गावोगावी चर्चेस उभी केली. कोळी, कुणबी, भंडारी अशा निरनिराळ्या जातींच्या कुटुंबांनी स्नानसंस्कार घेतला. १७३९ साली मराठ्यांनी वसई जिंकली, त्यानंतर इंग्रज आले. राज्ये बदलली तशी या लोकांची नावेही बदलली. त्यांना बराच काळ पोर्तुगीज ख्रिस्ती म्हटले जाई. गोवा आणि मंगळूरकडून नोकरीसाठी ख्रिस्ती बांधव मुंबईत येऊ लागले, तेव्हा आपली ओळख वेगळी दिसावी म्हणून १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, त्यांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. पश्चिम किनाऱ्यावरच्या लोकांचे नाव 'ईस्ट', याची गंमत आपल्या तरुणांना नेहमी वाटते. ते नाव, ती बोली, लुगडे, बाटलीतला मसाला आणि उंबराचे पाणी हे सारे जपण्यासारखे आहे. परंतु ते नाव जन्मले तेच मुळी 'नवीन आलेले' आणि 'आधीचे' यांच्यात रेघ ओढण्यासाठी, हेही विसरता येत नाही.

अंधेरीला सीप्झच्या कुंपणाआत संत योहान बाप्तिस्ता याच्या नावाच्या चर्चचे भग्नावशेष आहेत, ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. १५७९ साली येशूसंघीयांनी बांधलेले हे चर्च १८४० साली साथीच्या रोगानंतर लोकांनी सोडले. मंडळी मरोळला गेली आणि तिथे त्यांचे नवे चर्च झाले. जाताना त्यांनी बाप्तिस्म्याची कुंडी बरोबर नेली. जड दगडी भिंती मागे राहिल्या, कुंडी मात्र लोकांबरोबर गेली. अलीकडच्या काळात दरवर्षी मे महिन्यात त्या भग्नावशेषांत मिस्सा होतो तेव्हा दूरदूरची माणसे जमतात. कोणते चर्च कोणाचे, हा प्रश्न त्या कुंडीला विचारून पाहावा.

आता प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय. आमच्या मते प्रत्येक मुंबईकर धर्मग्रामाने हा अध्याय वर्षातून एकदा तरी वाचला पाहिजे. थोडे आधी, चौथ्या अध्यायात, विश्वासणारे सगळे एकदिलाचे व एकजिवाचे होते असे लूक लिहितो. ते वाचून आपल्याला वाटते, किती छान काळ होता! पण दोनच अध्यायांनंतर कुरकुर सुरू होते. कशावरून? भाषेवरून. ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार अशी, की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते आणि इब्री बोलणाऱ्यांच्या विधवांना बरोबर मिळते. दोन्ही गट यहुदी, दोन्ही गट येशूवर विश्वास ठेवणारे. एक यरुशलेमचा, घरचा. दुसरा बाहेरच्या देशांत वाढून आलेला. वाटप करणारे दुष्ट होते असे लूक म्हणत नाही. बहुधा त्यांना त्या विधवांची नावे ठाऊक नसतील, त्यांची भाषा कळत नसेल. दुर्लक्ष असेच होते. आमच्या कार्यालयात झाले तसे.

प्रेषितांनी काय केले ते नीट पाहा. 'ख्रिस्तामध्ये आपण सर्व एक आहोत, भाषेचा प्रश्न कशाला काढता?' असे त्यांनी सांगितले नाही. त्यांनी सर्व शिष्यांना एकत्र बोलावले, तक्रार खरी मानली आणि तुमच्यातून सात माणसे निवडा असे सांगितले. निवडलेल्यांची नावे दिली आहेत : स्तेफन, फिलिप, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना आणि नीकलाव. सातही नावे ग्रीक आहेत. केवळ नावावरून माणसाचा गट सांगता येत नाही हे खरे. बारा प्रेषितांतही फिलिप आणि आंद्रिया ही ग्रीक नावे होतीच. तरीसुद्धा सातपैकी सात हा योगायोग वाटत नाही. नीकलाव तर जन्माने यहुदीही नव्हता. तो अंत्युखियाचा, बाहेरून यहुदी धर्मात आलेला. ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच माणसांच्या हाती सगळ्यांच्या वाटपाची जबाबदारी गेली असे दिसते. प्रेषितांनी त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना केली. 'ठीक आहे, तुम्ही तुमच्या विधवांचे पाहा, आम्ही आमच्या पाहतो,' अशी वाटणी मात्र झाली नाही.

इथे आपल्याला थोडे अवघड वाटेल असे बोलायला हवे. आपल्या धर्मग्रामात मराठी मिस्साला येणारे दोन प्रकारचे लोक आहेत. एक गावठाणातील वडीलधारे. त्यांची नातवंडे इंग्रजी मिस्साला जातात. दुसरे जालना, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून पोट भरायला आलेले. सप्टेंबरमध्ये मारियेच्या जन्मदिनाच्या सुमारास पहिले बान्द्र्याला मोत माउलीच्या जत्रेला जातात. दुसरे एसटीने श्रीरामपूर गाठून हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जातात. माता एक, सणही एकच. परत आल्यावर मात्र एकाच बाकावर बसून दोघे एकमेकांच्या यात्रेबद्दल विचारत नाहीत. आणि 'मूळ गाव कोणते?' हा प्रश्न कित्येकदा गावाविषयी नसतोच. आडनावामागची जात काढण्याची ती सभ्य रीत असते. लग्न जुळवताना तर हे उघडच चालते. पौलाने गलतीकरांस लिहिले, की ख्रिस्ताला परिधान केलेल्यांत यहुदी व ग्रीक, दास व स्वतंत्र असा भेद राहत नाही (३:२७-२८). हे आपण ऐकतो, 'देवाला धन्यवाद' म्हणतो आणि बाहेर पडून आडनाव विचारतो.

यरुशलेमच्या मंदिरात परराष्ट्रीयांना आतल्या अंगणात येण्यास मनाई करणारे कठडे होते आणि ओलांडल्यास मरण ओढवेल अशी ग्रीक पाटी होती. ही पाटी १८७१ साली सापडली. ती इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. त्रफिम नावाच्या इफिसकराला पौलाने या हद्दीपलीकडे नेले असा आळ घेऊनच लोकांनी पौलाला धरले (प्रेषितांची कृत्ये २१:२८-२९). इफिसकरांस पत्रात ख्रिस्ताने मधली आडभिंत पाडली असे येते (२:१४), त्यामागे ही दगडी भिंत उभी आहे. ज्यांना ते पत्र वाचून दाखवले गेले, त्यांना आपल्याच गावचा त्रफिम आठवला असेल. तुम्ही आता परके वा उपरे नाही, पवित्र जनांचे सहनागरिक आणि देवाच्या घरचे आहात, असे त्यांना सांगितले गेले (२:१९).

काही जण सुचवतात, की मग एकच इंग्रजी मिस्सा ठेवा, म्हणजे भेद उरणार नाही. आम्हांला ते पटत नाही. पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्म्याने सर्वांना एक भाषा दिली नाही; प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू आले. मराठी मिस्सा राहील. गावठाणाची बोलीही आगेराच्या दिवशी वेदीपाशी ऐकू यायला हवी.

अर्जातील 'मूळ गाव' हा रकाना आम्ही काढला आहे. त्याऐवजी 'स्नानसंस्काराचे ठिकाण व वर्ष' असा रकाना आहे. आधी आपली नोंदवही पाहायची आणि दाखला तिथे नसेल तरच बाहेरून मागवायचा, असे कार्यालयाला सांगितले आहे. मराठी मिस्सातील वाचकांच्या आणि परमप्रसाद-सेवकांच्या यादीत आज चाळींतील एकही नाव नाही. नवी यादी करायची आहे. ज्यांना वाचनाची तयारी करावीशी वाटते त्यांनी मिस्सानंतर सांक्रिस्तीत येऊन नाव द्यावे. वाचताना अडखळण्याची भीती असणाऱ्यांसाठी शनिवारी संध्याकाळी सराव ठेवू. या वर्षीच्या आगेराला लोंब्या वेदीपाशी आणण्यासाठी गावठाणातील एक आणि चाळीतील एक अशी कुटुंबांची जोडी असावी, ही सूचना त्याच ज्येष्ठ गृहस्थांनी केली आहे. टोपली त्यांच्या घरची, जुनी, वेताची आहे. दुसऱ्या बाजूने ती कोण धरणार, हे त्यांनी आम्हांला विचारले. आम्ही त्यांना त्या माउलीचा पत्ता दिला.