आंबा काढणीच्या हंगामातील उष्णतेची लाट व गडीमाणसांची सुरक्षितता

उष्णतेची लाट म्हटली की विदर्भ, खानदेश व मराठवाडा हे प्रदेश डोळ्यांपुढे येतात. चंद्रपूर, अकोला, जळगाव या भागांत पारा ४५ अंशांच्या घरात जातो. त्या मानाने रत्नागिरी जिल्ह्यास समुद्राचा शेजार लाभला असल्याने येथील माणसास उन्हापासून विशेष भय नाही, असा समज सर्वत्र रूढ आहे. हा समज चुकीचा असून प्रसंगी प्राणघातक ठरतो. दि. १६ एप्रिल २०२३ रोजी कोकणातच, रायगड जिल्ह्यातील खारघर येथे, उघड्या मैदानावर भरलेल्या मोठ्या समारंभात उन्हाचा त्रास होऊन १४ जण मृत्यू पावले. त्या दिवशी त्या परिसरातील तापमान सुमारे ३८ अंशच होते. विदर्भातील मनुष्य ज्या तापमानास सौम्य म्हणेल, त्या तापमानात कोकणात माणसे दगावली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

भारतीय हवामान खात्यानेही हा भेद मान्य केला आहे. सपाट प्रदेशात कमाल तापमान निदान ४० अंश झाल्याशिवाय उष्णतेच्या लाटेचा विचार होत नाही. किनारपट्टीसाठी मात्र ही मर्यादा ३७ अंशांची आहे. तापमान ३७ अंश वा त्याहून अधिक असून ते नेहमीच्या सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी वा अधिक वाढले असेल, तर किनाऱ्यावर लाटेची स्थिती समजतात. रत्नागिरीचा काळही निराळा आहे. येथे मे महिन्याची वाट पाहावी लागत नाही. फेब्रुवारी २०२३ व फेब्रुवारी २०२५ या दोन्ही वेळी कोकण किनाऱ्यासाठी उष्णतेच्या लाटेचे इशारे देण्यात आले होते. म्हणजे हापूसच्या काढणीस प्रारंभ होतो न होतो, तोच हा धोका दाराशी येतो.

दमट हवेत घाम का वाळत नाही

देशावर मातीच्या माठातील पाणी थंडगार होते. कोकणात तोच माठ भरून ठेवला तर पाणी तितके गार होत नाही. याचे कारण सोपे आहे. माठाच्या छिद्रांतून झिरपणारे पाणी हवेत उडून जाताना आतील उष्णता घेऊन जाते. हवा कोरडी असेल तर पाणी झपाट्याने उडते; हवेत मुळातच बाष्प भरपूर असेल तर ते उडत नाही, माठ नुसता पाझरत राहतो.

मनुष्यदेहाची व्यवस्था या माठासारखीच आहे. १ लिटर घामाची पूर्ण वाफ झाली, तर शरीरातील सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. परंतु जो घाम वाळत नाही, केवळ ओघळून जमिनीवर पडतो, तो शरीरास थंड करीत नाही. उलट पाणी व मीठ मात्र खर्ची पडते. ३६ अंश तापमान व ५० टक्के आर्द्रता असली, तर सावलीत बसलेल्या माणसासही सुमारे ४३ अंशांइतका ताप जाणवतो. उन्हात हा ताप आणखी वाढतो. यास्तव सदरा घामाने चिंब होऊन वाळेनासा झाला, की पारा काहीही सांगो, धोक्याची वेळ आली असे समजावे.

लाटेच्या दिवसाचे स्वरूप

एरव्ही दुपारपूर्वी समुद्रावरून खारा वारा सुटतो व उन्हाचा ताप आटोक्यात राहतो. परंतु घाटमाथ्याकडून येणारे कोरडे पूर्वेचे वारे जोरदार असले की खारा वारा उशिरा सुटतो आणि तोवर पारा भराभर चढतो. पुढे खारा वारा आल्यावर पारा काही अंशांनी उतरतो. पण त्याच वेळी हवेतील दमटपणा वाढतो. म्हणून पारा उतरला एवढ्यावरून पुन्हा जोमाने काम सुरू करणे योग्य नव्हे.

सड्यावरील बागांत अधिक दक्षता अवश्य आहे. उघडा कातळ दिवसभर तापतो व सूर्य कलल्यानंतरही उष्णता फेकीत राहतो. अशा ठिकाणी राखणदारांचे मांगर बहुधा पत्र्याचे असतात. दिवसभर श्रमलेल्या माणसास रात्री तरी थंडावा मिळाला नाही, तर दुसऱ्या दिवशी त्याचे शरीर उष्णता सोसण्यास असमर्थ ठरते. पत्र्यावर नारळाच्या झावळ्यांचा वा गवताचा जाड थर घालावा, समोरासमोर वारा खेळता ठेवावा व निजण्याची सोय उघड्या मांडवात करावी. झावळ्या व गवत वाळलेले असल्याने चूल मात्र दूर मांडावी.

फळाची वेळ तीच माणसाची वेळ

हापूसची काढणी सकाळी १० वाजण्यापूर्वी किंवा सायंकाळी ४ नंतर करावी, फळ देठासह उतरवावे व तत्काळ सावलीत न्यावे, अशी शिफारस आहे. भर उन्हात काढलेली व तापलेल्या जमिनीवर ठेवलेली फळे लवकर खराब होतात, त्यांत साक्याचे प्रमाणही वाढते. जे ऊन फळास मानवत नाही, ते फळ उतरविणाऱ्या गड्यास कसे मानवेल? फळासाठी घालून दिलेले हे वेळापत्रक माणसासाठीही तितकेच हितकारक आहे.

लाटेच्या दिवसांत कामाची वाटणी पुढीलप्रमाणे करावी :

(१) फटफटताच काढणीस आरंभ करून १० वाजेपर्यंत झाडावरचे काम थांबवावे. कलमावर चढलेल्या गड्यास घेरी आली तर उष्माघातापूर्वीच पडून इजा होण्याचे भय असते. शक्य तेथे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने तयार केलेल्या नूतन झेल्याने जमिनीवरूनच काढणी करावी.

(२) १० ते १२ या वेळात निवड, प्रतवारी व पेट्या भरणे ही कामे दाट सावलीत करावी.

(३) १२ ते ४ पर्यंत पूर्ण विश्रांती द्यावी. भाजावळ, लाकूडतोड, चिरेखाणीतील काम हीदेखील या वेळात बंद ठेवावी. औषध फवारणीच्या संरक्षक पोशाखात घाम मुळीच वाळत नाही. म्हणून फवारणी केवळ सकाळच्या थंड वेळी करावी.

(४) सायंकाळी राहिलेली काढणी करावी व मालाची वाहतूक रात्री करावी.

हे वेळापत्रक कागदावर सोपे, परंतु अंमलात आणणे कठीण असते. हंगामाच्या आरंभी भाव चढा असतो, गाडी वेळेवर सुटावयाची असते आणि मजुरी पेटीवर ठरली असेल तर गडी स्वतःच विश्रांती घेण्यास नाखूष असतो. चार तास बसला तर त्याची चार तासांची कमाई बुडते. अशा स्थितीत त्यास नुसता विश्रांतीचा उपदेश करणे व्यर्थ होय. लाटेच्या दिवसांपुरती मजुरी रोजावर ठरवून विश्रांतीचा काळ त्यातच धरावा, असा करार बागायतदारांनी हंगामापूर्वीच करणे इष्ट आहे. या व्यवस्थेस येणारा खर्च एका माणसाच्या जिवापुढे अल्प आहे.

नवीन गडी

रत्नागिरीच्या बागांत नेपाळमधून व इतर भागांतून पुष्कळ माणसे कामासाठी येतात. थंड प्रदेशातून आलेल्या शरीरास दमट उष्णतेची सवय होण्यास १ ते २ आठवडे लागतात. पहिल्या दिवशी नवीन माणसास उन्हातील कामाचा पाचवा हिस्साच द्यावा व तो प्रतिदिवशी थोडा थोडा वाढवावा. त्यास एकटे कामावर पाठवू नये. जोडीदारांनी एकमेकांवर लक्ष ठेवावे; कारण ज्यास उष्णता बाधते त्याचे स्वतःचे भान आधी हरपते.

पाणी व आहार

तहान लागण्याची वाट न पाहता उन्हात काम करणाऱ्याने दर १५ ते २० मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. मात्र एका तासात दीड लिटरपेक्षा अधिक पिऊ नये. पाणी विहिरीवर असून उपयोगी नाही, ते कामाच्या झाडाखाली असावे. स्त्रियांसाठी आडोशाची सोय नसल्यास त्या पाणी पिण्याचे टाळतात. ती सोय करणे हादेखील सुरक्षिततेचाच भाग आहे.

सकाळी मीठ घातलेली पेज, दुपारी ताक, सोलकढी, कैरीचे पन्हे किंवा कोकमाचे सरबत हा कोकणातील परंपरागत आहार या दिवसांस उत्तम आहे. फार घाम गेल्यास १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून ते थोडे थोडे द्यावे. मद्य सर्वस्वी वर्ज्य करावे. रक्तदाब, मधुमेह वा हृदयविकार असणाऱ्यांनी मीठपाण्याचे प्रमाण व औषधे यांबाबत डॉक्टरांचा सल्ला आधीच घ्यावा. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, या समजावर विसंबू नये.

लक्षणे व प्रथमोपचार

पायांत वा पोटात गोळे येणे, डोके दुखणे, मळमळ, घेरी व अतिशय थकवा ही पहिली चिन्हे होत. अशा माणसास ताबडतोब सावलीत निजवावे, कपडे सैल करावे, अंग ओल्या फडक्याने पुसून वारा घालावा व मीठ-साखरेचे पाणी द्यावे. त्या दिवशी त्यास पुन्हा कामावर घेऊ नये.

माणूस असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला, त्यास झटके आले किंवा शुद्ध हरपली, व अंग तापून निघाले असेल, तर तो उष्माघात समजावा. अंगास घाम आहे म्हणून उष्माघात नव्हे, असे मानू नये. श्रमाने होणाऱ्या उष्माघातात घाम येत असतो. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत क्षणही वाया न घालविता अंग थंड करावे. कपडे काढून अंगावर सतत पाणी ओतावे व जोराने वारा घालावा. बर्फ असल्यास मान, काखा व जांघा येथे ठेवावा. विहिरीजवळ हौद असेल तर डोके वर धरून त्यास गळ्यापर्यंत पाण्यात बसवावे व दोघांनी आधार द्यावा. बेशुद्ध माणसास तोंडाने काहीही पाजू नये. तापाच्या गोळ्या येथे निरुपयोगी आहेत. आधी थंड करणे, मग हलविणे, हा नियम पाळावा. पहिल्या अर्ध्या तासातील पाण्यावर रुग्णाचे जगणे अवलंबून असते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

कार्यकर्त्यांनी फेब्रुवारीच्या आरंभीच वाडीवार सभा घेऊन ही माहिती द्यावी. हवामान खात्याचा पिवळा, नारिंगी वा लाल इशारा आल्यास तो ग्रामपंचायतीच्या फलकावर लावून थांबू नये. सड्यावरील मांगरांपर्यंत तो निरोप त्याच संध्याकाळी पोचवावा व परप्रांतीय गड्यांस त्यांच्या भाषेत समजावून द्यावा. एकटे राहणारे वृद्ध, गरोदर स्त्रिया व आजारी माणसे यांची यादी आशा सेविकांच्या साहाय्याने करून लाटेच्या दिवसांत त्यांची रोज विचारपूस करावी. प्रत्येक बागेत पाण्याचा साठा, सावलीची जागा, रुग्णवाहिका जेथवर येऊ शकेल ते ठिकाण आणि तेथवर रुग्णास नेण्याचा मार्ग या चार गोष्टी काढणीस आरंभ होण्यापूर्वी ठरल्या आहेत की नाहीत, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे.