ठोशाचा जोर येतो कुठून?



केतकीपाडा असो, रावळपाडा असो की गणपत पाटील नगर, आपल्या दहिसरच्या वस्त्यांतली मुलं आता कराटे, बॉक्सिंग शिकायचं म्हणतात. मुलीही मागे नाहीत. पण क्लास सुरू होऊन महिना होत नाही तोच घरात एक वाक्य ऐकू येतं : "त्या पोराच्या हातात उपजतच जोर आहे, आपल्या पोरीच्या अंगात तो नाही." या एका वाक्यावर मुलीचा क्लास सुटतो. म्हणून या वेळी समजून घेऊ, की हा जोर म्हणजे काय, त्यातला जन्मतः किती आणि कमावलेला किती.

जोर मुठीत नाही, पायात आहे

घरी एक प्रयोग करा. मुलाला जमिनीवर मांडी घालून बसवा आणि टेनिसचा चेंडू लांब फेकायला सांगा. मग उभं राहून, एक पाऊल पुढे टाकून फेकायला सांगा. हात तोच, चेंडू तोच, पण दुसऱ्या वेळी चेंडू कितीतरी लांब जातो. कारण जोर पायातून निघतो, कमरेतून वळतो, खांद्यात येतो आणि शेवटी हातातून बाहेर पडतो.

ठोशाचंही तसंच आहे. मागचा पाय जमिनीला रेटा देतो, टाच उचलते, कंबर वळते, खांदा पुढे येतो, कोपर सरळ होतं आणि मूठ लागते. १९८०च्या दशकात सोव्हिएत संशोधकांनी बॉक्सरांचे ठोसे मोजले. मुरलेल्या खेळाडूंमध्ये सर्वांत मोठा वाटा पायांचा निघाला, त्याच्या जवळपास कमरेचा आणि धडाचा, आणि सर्वांत कमी हाताचा. नवशिके मात्र नुसत्या हाताने मारतात. ज्यांच्या घरी घण मारायचं काम आहे त्यांना हे सांगायला नको. नुसत्या दंडाने घण मारणारा अर्ध्या तासात थकतो.

आणखी एक गोष्ट. चांगला बॉक्सर पूर्ण वेळ अंग आवळून ठेवत नाही. आवळलेला हात सावकाश जातो. म्हणून हात सैल सोडून वेगाने जातो आणि ठोसा लागण्याच्या क्षणी मूठ, मनगट, पोट सगळं घट्ट होतं. त्या क्षणी नुसत्या हाताचं नाही, तर अंगाचं वजन मुठीमागे उभं राहतं. १९८५ साली ब्रिटनचा हेवीवेट बॉक्सर फ्रँक ब्रुनो याचा ठोसा मोजला गेला. मुठीचा वेग ताशी सुमारे ३२ किलोमीटर होता आणि आघात सुमारे ४०० किलो वजनाच्या दाबाइतका. संशोधकांनी त्याची तुलना त्याच वेगाने फिरवलेल्या सहा किलोच्या लाकडी हातोड्याशी केली.

आपल्या महाराष्ट्राचे मुरलीकांत पेटकर आठवा. सांगली जिल्ह्यातले हे जवान लष्करात बॉक्सिंग खेळत. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं अंग लुळं पडलं. दंड, मूठ शाबूत होती, पण ठोशाला लागणारा पायांचा रेटाच गेला. मग त्यांनी हातांचं बळ पाण्यात वापरायला शिकून घेतलं आणि १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. पॅरालिम्पिकमधलं ते भारताचं पहिलं सुवर्ण. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

मग जन्मतः काहीच मिळत नाही का?

मिळतं. हाताची लांबी, हाडांची ठेवण, पंजाचा आकार आईबापांकडून येतो. स्नायूंमध्ये दोन प्रकारचे धागे असतात : काही झटक्यात आकसतात पण लवकर थकतात, काही सावकाश काम करतात पण टिकतात. झटक्याचे धागे ज्याच्यात जास्त, त्याचा ठोसा फटकन बसतो. हे प्रमाण बऱ्याच अंशी जन्मतः ठरतं. पण त्या धाग्यांना ताकद, वेग आणि नेमकी वेळ साधायला शिकवणं हे सरावाचं काम.

वयाचाही घोळ असतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलांत कुणी लवकर वयात येतं, कुणी दोन-तीन वर्षं उशिरा. लवकर वाढलेला मुलगा आज जोरात मारतो म्हणून त्याला 'उपजत' म्हणतात. उशिरा वाढणारी मुलं पुढे त्याला गाठतात, पण तोवर त्यांचं नाव कटलेलं असतं.

'उपजत' या शब्दाने आपलं किती नुकसान केलं, हे आपल्या समाजाला वेगळं सांगायला नको. काही जातीच जन्मतः लढाऊ असतात असं इंग्रजांनी ठरवलं आणि १८९०च्या दशकात महारांची सैन्यभरती बंद केली. त्यांचे वाडवडील त्याच सैन्यात लढलेले होते. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. मधल्या काळात कुणाचं रक्त बदललं नव्हतं. मुलीला "तुझ्यात ते नाहीच" म्हणताना एवढं आठवावं.

आधी हिमोग्लोबिन पाहा

परिचारिका म्हणून माझा अनुभव असा, की 'जोर नाही' म्हणून आणलेल्या मुलीचे डोळे, नखं आणि जीभ आधी बघावी. बऱ्याचदा ती पांढुरकी असतात. रक्तात लोह कमी असेल तर स्नायूंना ऑक्सिजन पुरत नाही. धाप लागते, पाय दुखतात, सराव सोडून बसावंसं वाटतं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय होता. म्हणजे दहातल्या जवळजवळ सहा.

काय करायचं?

• पालिकेच्या दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासा. बारा वर्षांवरच्या मुलीत ते १२च्या खाली असेल तर रक्तक्षय समजा आणि डॉक्टरांकडून गोळ्या सुरू करा.

• सरकारी आणि पालिकेच्या शाळेत १० ते १९ वयाच्या मुलामुलींना आठवड्याला लोहाची एक निळी गोळी मिळते. ती फेकू नका. काही खाऊन घ्या. शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नका. वर्षातून दोनदा मिळणारी जंताची गोळीही घ्या.

• जेवणावर लगेच चहा नको, एक तास थांबा. चहामुळे लोह अंगी लागत नाही. जेवणात लिंबू पिळा, त्याने ते लागतं.

• महागडी प्रोटीनची पावडर लागत नाही. मोड आलेली मटकी, चवळी, हरभरे, शेंगदाणे, अंडी, सुकट, जवळा, जमेल तेव्हा कलेजी. मुलाच्या ताटात पडतं तेवढं मुलीच्याही ताटात पडलं पाहिजे.

जोर बसतो तो मेंदूला

सहा किलोच्या हातोड्याचा हिशोब पुन्हा वाचा. असा घाव डोक्याला बसला की कवटीच्या आत मेंदू हिंदकळतो. १९२८ साली अमेरिकेतल्या डॉ. हॅरिसन मार्टलँड यांनी लिहून ठेवलं, की वर्षानुवर्षं मार खाल्लेल्या बॉक्सरांचा तोल जातो, बोलणं अडखळतं, विसराळूपणा येतो. डोक्यावरच्या जाड टोपीने जखम आणि खोक वाचते, पण आतला धक्का वाचत नाही. म्हणून लहान मुलांनी पावलं, पिशवी आणि पॅड यांवर सराव करावा. डोक्यावर मारायला लावणारा क्लास नको.

डोक्याला मार लागला आणि मूल गोंधळलं, चक्कर आली, डोकं दुखू लागलं, तर त्या दिवशी खेळ बंद. डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय पुन्हा रिंगणात पाठवू नका. पहिला धक्का भरून यायच्या आत दुसरा बसला तर जिवावर बेततं. पहिले २४ तास कुणीतरी सोबत राहा. मनाने वेदनाशामक गोळ्या देऊ नका.

शुद्ध हरपली, पुन्हा पुन्हा उलटी झाली, झोपेतून नीट जाग येईना, फिट आली, हातपाय लुळे पडले, एक बाहुली मोठी दिसली, नाका-कानातून रक्त किंवा पाणी आलं, तर वाट न पाहता १०८ला फोन करा.

ही लक्षणं गल्लीतल्या भांडणात किंवा घरात नवऱ्याचा मार डोक्यावर बसला तरी तीच असतात. तेव्हा "मोरीत घसरून पडले" असं सांगू नका. मार कसा लागला हे खरं कळलं तरच डॉक्टर नीट तपासतील.

तेव्हा मुलीचा क्लास बंद करण्याआधी तीन गोष्टी करा : हिमोग्लोबिन तपासा, तिचं ताट बघा आणि शिकवणाऱ्यांना विचारा की पायांचं काम शिकवलं का. मग सहा महिने थांबा. त्यानंतरही ठोसा हलकाच राहिला तर राहू द्या. दम वाढेल, पाय घट्ट होतील, मान वर राहील. तेवढ्यासाठीही क्लास चालू ठेवा.

जयभीम.