आधी रिकामा डबा बुडवा

पाण्याखालच्या फोटोंसाठी घरी हाउसिंग, म्हणजे कॅमेऱ्याचा पाणबंद डबा, बनवायचे असेल, तर एक नियम सर्वांत आधी पाळा. डब्याच्या सगळ्या परीक्षा कॅमेरा आत नसताना आणि माणूस पाण्यात नसताना संपल्या पाहिजेत. घुग्घुसला बसून मालवणच्या समुद्रासाठी डबा तयार करताना मी जे शिकलो, त्याचे सार हेच आहे.

समुद्र आमच्यापासून महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला. पण असा डबा बनवायला लागणारी कला इथे भरपूर आहे. कोळशाच्या खाणी आणि सिमेंटचा कारखाना यांच्या आधाराने घुग्घुस-चंद्रपूर भागात लेथची छोटी वर्कशॉप चालतात. डंपरचे हायड्रॉलिक सिलिंडर, पंपाचे शाफ्ट, ग्लँड, ओ-रिंग (गळती अडवणारी गोल रबरी कडी) ही इथल्या टर्नरची रोजची कामे. माझा डबा अशाच एका वर्कशॉपात अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरून घेतला आणि समोर अ‍ॅक्रिलिकची खिडकी बसवली.

आधी दाबाचा हिशेब करा. समुद्रात दर 10 मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो. 10 सेंटिमीटर व्यासाच्या गोल खिडकीवर 10 मीटर खोलीला जवळपास 80 किलोंचा भार येतो. 15 बाय 20 सेंटिमीटरच्या आयताकृती झाकणावर तो 300 किलो होतो. शीट पातळ असेल तर मधोमध आत वाकते, कडा उचलल्या जातात आणि ओ-रिंगवरची पकड सुटते. म्हणून खिडकी गोल आणि शक्य तितकी लहान ठेवा. माझ्या गोल खिडकीला 10 मिलिमीटर जाडी पुरली, पण मोठ्या आयताला त्याच जाडीच्या भरवशावर सोडू नका.

डबा बळकट झाला की काम झाले असे बहुतेकांना वाटते. मला त्याच्या उलट अनुभव आला. झाकण लावून, आत पांढरा टिश्यू पेपर ठेवून, वजन बांधून डबा शेतातल्या विहिरीच्या तळाशी सोडला. अर्ध्या तासाने वर काढला तर कागद कोरडा ठणठणीत. नंतर तोच डबा बादलीत धरून हलवला, तिरका केला, आणि कागदाचा कोपरा ओला झाला. खोल पाण्यात टिकलेला डबा हातभर पाण्यात गळला.

कारण टर्नरनेच शोधले. "भाऊ, आमच्या कामात तेल आतून बाहेर ढकलते. तुमच्या डब्यात पाणी बाहेरून आत येते. खाच उलटी पाहिजे होती," तो म्हणाला. हायड्रॉलिकच्या झाकणात ओ-रिंग खाचेच्या बाहेरच्या भिंतीला टेकते, कारण दाब तिला बाहेर लोटतो. पाण्याखालच्या डब्यात ती आतल्या भिंतीला टेकलेली हवी. आमची रिंग बाहेरच्या भिंतीला होती. खोलवर पाण्याने झाकण घट्ट दाबले आणि रिंग जागेवर सरकवली, म्हणून डबा कोरडा राहिला. उथळ पाण्यात तेवढा दाब नव्हता, झाकणाची पकड सैल राहिली आणि हलवताच फट मिळाली. खाचेचा आतला व्यास रिंगच्या आतल्या व्यासाशी जुळवून घेतला, तेव्हा गळती थांबली.

याच गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्याने चंद्रपूरच्या माझ्या एका मित्राचा कॅमेरा मालवणला निकामी झाला. त्याच्या डब्याची परीक्षा फक्त खोलात झाली होती. बोटीच्या शिडीवरून उतरताना, लाटांच्या हिसक्यात, पहिल्या मीटरभरातच पाणी शिरले. तसा हा धंदा पहिल्यापासून जोखमीचा. 1856 मध्ये इंग्लंडात वेमथजवळ विल्यम थॉम्प्सन यांनी पेटीत घालून कॅमेरा सुमारे 18 फूट खाली सोडला, तेव्हाही पाणी आत गेलेच होते. काचेवर पुसटसे चित्र उमटले हे त्यांचे नशीब. आजच्या इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्यात खारे पाणी शिरले तर तो बहुधा कायमचाच जातो.

तेव्हा परीक्षांचा क्रम असा ठेवा. पहिली, हातपंपाने डब्यातली थोडी हवा ओढून गेज लावायचा आणि अर्धा तास काटा हलतो का ते पाहायचे. यात गळती कळते, मजबुती कळत नाही. दुसरी, बादलीत उलटसुलट हलवणे. तिसरी, विहिरीत वजन बांधून दोरीने सोडणे. चौथी, पुन्हा बादली. विहिरीपेक्षा जास्त दाब तपासायचा असेल तर पाण्याने भरलेल्या भांड्यात डबा ठेवून हायड्रो टेस्टच्या हातपंपाने दाब द्या. 20 मीटरसाठी बनवलेल्या डब्याला मी तीन किलोचा दाब देतो. कॉम्प्रेसरची हवा यासाठी कधीही वापरू नका. दाबलेल्या हवेत इतकी शक्ती साठते की भांडे फुटले तर तुकडे गोळीसारखे सुटतात. आणि परीक्षेसाठी बंद पडलेल्या खुल्या खाणीच्या डोहाकडे अजिबात जाऊ नका. तिथले काठ ढासळतात आणि पाय घसरला तर वर यायला उतार सापडत नाही.

आमच्या भागाच्या दोन अडचणी वेगळ्या आहेत. पहिली उन्हाची. अ‍ॅक्रिलिक अ‍ॅल्युमिनियमच्या सुमारे तिप्पट प्रसरण पावते. चंद्रपूरच्या मे महिन्यात बंद गाडीत डबा राहिला तर घट्ट बोल्टांभोवती खिडकीला तडे जाऊ शकतात. भोके बोल्टपेक्षा थोडी मोठी ठेवा आणि प्रवासात झाकण सैल ठेवा. अ‍ॅक्रिलिक पुसायला स्पिरिट किंवा थिनर घेऊ नका, त्यानेही बारीक तडे पडतात. दुसरी अडचण धुळीची. सकाळी पुसलेल्या खिडकीवर संध्याकाळी काळा थर दिसतो, तोच ओ-रिंगवर बसतो. एक केस किंवा कापडाचा एक धागाही पाण्याला वाट करून देतो. रिंग बोटाने फिरवून तपासा, खाच पुसा आणि सिलिकॉन ग्रीस फक्त चमक येण्यापुरते लावा. नायट्राइल रिंगला हे ग्रीस चालते. रिंग स्वतः सिलिकॉनची असेल तर त्याच ग्रीसने ती फुगते.

डब्याचे वजनही जुळवा. दोन लिटर जागा व्यापणारा डबा गोड्या पाण्यात दोन किलोंचा झाला की तरंगतही नाही, बुडतही नाही. समुद्राचे पाणी अडीच टक्के जड, म्हणून तिथे तो सुमारे 50 ग्रॅमने वर ओढतो. तेवढा शिशाचा तुकडा सोबत ठेवा. सपाट खिडकीतून पाण्याखाली वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठ्या दिसतात आणि चौकटीत मावणारे दृश्य कमी होते, हेही आधीच ठाऊक असलेले बरे.

पाणी शिरलेच तर डबा घाईने उघडू नका. लिथियम बॅटरी आणि खारे पाणी एकत्र आले की वायू तयार होतो आणि आत दाब साठतो. झाकण चेहऱ्यापासून दूर धरा, बोल्ट हळूहळू सैल करा, आणि ती बॅटरी पुन्हा चार्ज करू नका.

शेवटची सूचना माणसाची. स्कूबात श्वास कधीही रोखायचा नाही. 10 मीटरवर फुप्फुसात भरलेली हवा पृष्ठभागापर्यंत दुप्पट होते, आणि श्वास रोखून वर आले तर फुप्फुस फाटू शकते. फोटो काढताना हात स्थिर ठेवायला श्वास रोखण्याची सवय आपल्याला जमिनीवर लागलेली असते, म्हणून हा धोका कॅमेरा हातात असणाऱ्याला जास्त. त्यातच खोली, हवेचा गेज, सोबती आणि कॅमेरा हे सगळे नवख्याला एकदम सांभाळता येत नाही. मालवणजवळ तारकर्लीला एमटीडीसीचे (राज्य पर्यटन विकास महामंडळाचे) स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे किंवा अन्यत्र रीतसर शिका. ओपन वॉटर प्रमाणपत्र मिळाल्यावर 18 मीटरची मर्यादा असते, ती पाळा. शरीर पाण्यात एका जागी स्थिर राहू लागेपर्यंत कॅमेरा किनाऱ्यावरच ठेवा. मालवणचा किनारी भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. तोल गेलेल्या माणसाच्या हातातला धातूचा डबा प्रवाळावर आपटला तर वर्षानुवर्षे वाढलेली फांदी एका क्षणात तुटते.

घरी बनवलेला डबा पहिल्यांदा समुद्रात नेतानाही रिकामाच न्या, आत फक्त टिश्यू पेपर ठेवा आणि प्रशिक्षकाला तसे सांगून ठेवा. कागद कोरडा परतला तर पुढच्या डाइव्हला कॅमेरा घाला. एवढा धीर नसेल, तर कंपनीने तपासलेले हाउसिंग विकत किंवा भाड्याने घ्या.