मूत्राशयातील औषधोपचार : त्रास कमी कसा होईल?

लघवीतून वेदनेविना रक्त जाणे हे मूत्राशयाच्या कर्करोगाचे प्रमुख लक्षण होय. धूम्रपान हे या रोगाचे सर्वांत मोठे कारण मानले जाते. रोग आतील अस्तरापुरता मर्यादित असल्यास दुर्बिणीच्या साह्याने गाठ काढण्यात येते. तथापि ती पुन्हा उद्भवण्याचा संभव असल्याने मायटोमायसिन किंवा जेमसिटाबिन यांसारखे औषध नळीद्वारे थेट मूत्राशयात सोडले जाते. बहुधा आठवड्यातून एकदा, असे सहा आठवडे हा उपचार चालतो.

केमोथेरपी म्हटले, की केस गळणे व उलट्या यांची धास्ती वाटते. या पद्धतीत औषध रक्तात फारच थोडे शोषले जात असल्याने तसा त्रास सहसा होत नाही. जळजळ व वारंवार घाईची लघवी मात्र होते. ती बहुधा काही दिवसांत ओसरते; परंतु तिला भिऊन उपचार अर्धवट सोडल्यास मूळ हेतूच विफल होतो.

उपचारापूर्वी : लघवीत जंतुसंसर्ग असल्यास किंवा रक्त दिसत असल्यास औषध देणे पुढे ढकलावे लागते. म्हणून पाळी चुकेल या भीतीने रुग्णाने लक्षणे लपवू नयेत. आधीचे काही तास पाणी व चहा बेताने घ्यावा. त्यामुळे औषध पातळ होत नाही आणि सांगितलेला एक-दोन तासांचा अवधी ते धरून ठेवणे सुलभ जाते.

उपचारानंतर : डॉक्टरांची मनाई नसल्यास भरपूर पाणी प्यावे. चहा, कॉफी, मद्य व तिखट पदार्थ टाळावेत. औषध त्वचेस लागल्यास पुरळ उठू शकतो. यास्तव पुरुषांनीही बसून लघवी करावी आणि प्रत्येक वेळी हात व जननेंद्रिय साबणाने धुवावे. पहिले सहा तास शौचालयात दोनदा पाणी ओतावे. समागमाविषयीचे पथ्य डॉक्टरांना संकोच न करता विचारावे.

ताप 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक असल्यास, रक्ताच्या गाठी पडल्यास अथवा लघवी अडल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. त्रास असह्य झाल्यास डॉक्टर वेदनाशामक औषध देऊ शकतात किंवा पुढील पाळी लांबवू शकतात. तो निर्णय रुग्णाने परस्पर घेऊ नये.

गावातील शिक्षक व पंचायत सदस्य यांनी अशा रुग्णास धीर देऊन ठरलेल्या दिवशी रुग्णालयात पोहोचण्यास साह्य केले, तर उपचार पूर्ण होण्यास मोठाच हातभार लागेल.