आनंदाला उधाण येणे

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या निबंधांत ‘आनंदाला उधाण आले’ हे वाक्य मी पुष्कळदा वाचले आहे. उधाण म्हणजे काय, असे वर्गात विचारले तेव्हा उत्तर आले, “तापीला येतो तो पूर.” समुद्रापासून इतक्या दूर वाढलेल्या मुलांनी असे म्हणावे यात नवल नाही. परंतु पूर आणि उधाण यांत भेद आहे, आणि या वाक्प्रचाराचे मर्म त्या भेदातच सापडते.

पूर पावसाने येतो. बाहेरचे पाणी नदीला येऊन मिळते. उधाणाचे तसे नाही. चंद्र व सूर्य यांच्या आकर्षणाने समुद्राचे स्वतःचेच पाणी वर चढते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर दिवसातून साधारण दोनदा भरती येते. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या सुमारास चंद्र, सूर्य व पृथ्वी जवळजवळ एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकवटते आणि भरती नेहमीची मर्यादा ओलांडते, तेच उधाण. अष्टमीच्या सुमारास येणाऱ्या बेताच्या भरतीला भांगाची भरती म्हणतात.

माझी मातृभाषा कोंकणी. बालपण खाडीकाठी गेले. उधाणाच्या पाण्यावर होड्या खाडीत दूरवर येत; पण बांध फुटून खारे पाणी शेतात शिरेल, ही धास्तीही घरोघर असे. उधाण म्हणजे आवरता न येणारी गोष्ट, हे आम्हांस शिकवावे लागले नाही.

‘रघुवंशा’च्या तिसऱ्या सर्गात, पुत्रमुख पाहून दिलीप राजाचा हर्ष चंद्रदर्शनाने फुगणाऱ्या महासागरासारखा त्याच्या ठायी मावेनासा झाला, असे वर्णन आहे. कवीने जे पाहिले तेच किनाऱ्यावरील माणसाच्या नित्य पाहण्यातले होते. चंद्र समुद्रात पाणी ओतत नाही. तो केवळ ओढतो. त्याचप्रमाणे सैन्यातील मुलगा रजेवर घरी आला की आईच्या मनातले साठलेले प्रेमच उसळून वर येते. अशा प्रसंगी हा वाक्प्रचार योजावा. नवी पेन्सिल मिळाल्याच्या आनंदाला तो शोभत नाही.

आपली तापी सुरतेवरून पुढे समुद्राला मिळते. येत्या पौर्णिमेस चांदनीच्या आकाशात चंद्र पाहाल, तेव्हा त्याच सुमारास तिच्या मुखाशी उधाणाचे पाणी चढत असते, हे ध्यानी असू द्या.